पाणी मुरेना

मंगळवारी सकाळी धाकटीने बेसिनमध्ये मगभर पाणी ओतलं आणि कान देऊन उभी राहिली. निम्मं पाणी गुळगुळ करत खाली गेलं, निम्मं तिथंच राहिलं. पलीकडे बाथरूमच्या जाळीतून एक बुडबुडा वर आला, फुटला, आणि त्यामागून वास. ती खिडकी उघडायला धावली. खिडकी उघडीच होती. ती परत बेसिनपाशी आली, पाण्याकडे बघितलं, मग संडासात जाऊन तिथलं पाणी बघितलं, मग मागच्या दाराबाहेर जाऊन टाकीचं झाकण बघितलं. उठल्यापासून ही सातवी फेरी होती. पायाला भिंगरी लागल्यासारखी ती घरभर फिरत होती, आणि फिरून काही उपयोग नाही हेही तिला कळत होतं.

सगळे तिला धाकटी म्हणत, कारण ती घरातली धाकटी सून. थोरली पुढच्या घरात राहायची. दोन्ही घरं एकाच आवारात, सासऱ्यांनी दोन मुलांसाठी बांधलेली: रस्त्याकडचं मोठ्याचं, मागचं धाकट्याचं. सासूबाई तीन आठवडे हॉस्पिटलमध्ये होत्या. पडून खुब्याचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन झालं होतं, आणि शनिवारी त्यांना घरी सोडणार होते. डॉक्टरांनी बजावलं होतं की पायऱ्या चढायच्या नाहीत आणि संडास-बाथरूम खोलीला लागून हवं. पुढच्या घराला पाच पायऱ्या होत्या, मागचं घर जमिनीला टेकलेलं. म्हणजे त्या कुणाकडे राहणार हा प्रश्नच नव्हता. प्रश्न सांडपाण्याचा होता.

त्या रस्त्यापर्यंत नगरपालिकेची गटारं आलेली नव्हती. प्रत्येक घराची आपली सेप्टिक टाकी. मागच्या घराच्या टाकीत मैला खाली बसायचा, वरचं पाणी एका छोट्या सिमेंटच्या पेटीत जायचं आणि तिथून चार वाटांनी हिरवळीखालच्या चार चरांत. चरांत खडी, खडीवर भोकं पाडलेले पाइप. पाइपातून पाणी खडीत, खडीतून मातीत. तीस वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं. आता मातीने पाणी घेणंच सोडलं होतं. टाकी उपसली की आठ दिवसांत पुन्हा तोंडापर्यंत भरायची, आणि तिसऱ्या चरावरच्या गवतात पाय ठेवला की पचपच आवाज यायचा.

आणि या पाण्यावरून दोन भाऊ एकमेकांना पाण्यात पाहत होते.

झालं होतं असं. दोन वर्षांपूर्वी थोरल्या दिरांच्या फाटकाचं काम चाललं होतं. त्यांचा सामान हलवायचा छोटा ट्रक होता, तो रस्त्यावर ठेवायला नको म्हणून त्यांनी चार दिवस आत आणून या हिरवळीवर लावला, तोही भरलेला. चाकांचे खोल चर उमटले. दोन महिन्यांनी पहिल्यांदा गवतात पाणी वर आलं. धाकटीचा नवरा लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा; कुठलंही यंत्र बंद पडलं की एक कारण शोधायचं आणि त्यावर बोट ठेवायचं, ही त्याची सवय. त्याने ट्रकवर बोट ठेवलं. मोठा म्हणाला, तुझ्या टाकीचं खापर माझ्या ट्रकवर फोडू नकोस. शब्दाने शब्द वाढला. मध्ये तारेचं कुंपण आलं, ट्रक बाहेर रस्त्यावर गेला, आणि सख्खे भाऊ एकमेकांना ओळख देईनासे झाले. जावांचं बोलणं हो-नाहीपुरतं उरलं.

महिन्यापूर्वी एक कंत्राटदार येऊन बघून गेला. म्हणाला, सगळी हिरवळ खणून काढायची, जुनी खडी फेकायची, नवे चर घालायचे. त्यासाठी खोदाईचं मशीन आत यायला हवं. मागच्या घराकडे येणारी बोळ सायकल हातात धरून येण्याइतकी. मशीनला एकच वाट, थोरल्या दिरांच्या अंगणातून. दिरांनी थोरलीकरवी निरोप धाडला: आधी आळ मागे घ्या, मग मशीन आणा. नवऱ्याने उलट निरोप धाडला नाही. कंत्राटदार दुसऱ्या कामाला लागला.

एवढं सगळ्यांना माहीत होतं. धाकटीला आणखी थोडं माहीत होतं.

घरामागच्या शेडमध्ये तिची तीन वॉशिंग मशीन होती. दोन सलूनचे आणि एका जिमचे टॉवेल ती धुऊन द्यायची. रोज सात-आठ घाणे निघायचे. हे काम तिने सुरू केलं त्याला अडीच वर्षं झाली होती. ट्रकला दोन, गवतातल्या पाण्याला पावणेदोन. हे आकडे ती कधी मुद्दाम मांडायची नाही, पण टॉवेलांच्या घड्या घालताना बोटं आपोआप मोजायला लागायची. मग ती रेडिओ लावायची.

पंपवाल्याचा नंबर तिला सलूनवाल्यानेच दिला. हवेच्या पंपाने, न खणता चर मोकळे करतो म्हणाला, माझ्या सासुरवाडीला केले. तिने त्याच दिवशी फोन लावला. पलीकडून कुणीतरी इतक्या मोठ्याने बोललं की तिने फोन कानापासून लांब धरला.

बुधवारी सकाळी तो आला. साठीचा, बुटका, कानांच्या पाळ्या लांब. कॉम्प्रेसर एका अरुंद हातगाडीवर बसवून त्याने बोळीतून ढकलत आणला. पंचवीस वर्षं त्या यंत्राशेजारी उभा राहून त्याचे कान गेले होते. दुसऱ्याचं त्याला ऐकू यायचं नाही आणि आपला आवाज किती मोठा आहे ते कळायचं नाही. त्यामुळे त्याच्याशी कुणालाच खाजगी काही बोलता यायचं नाही.

त्याने आधी काही केलं नाही. नुसता हिरवळीवरून हळूहळू चालला, मध्येच थांबला, बुटाच्या टाचेने दाबून बघितलं. मग अंगठ्याएवढ्या जाडीचा एक लांब गिरमिट काढून चरांच्या मधल्या जागेत फिरवला, वर ओढला आणि त्यात अडकलेली माती चिमटीत धरून चुरली.

"ट्रक उभा होता इथे," धाकटी ओरडून म्हणाली. "भरलेला."

"किती दिवस?"

"चार."

त्याने तिच्यापुढे हात धरला. तळव्यावर माती भुसभुशीत पडली होती. "चार दिवसांत वरची वीतभर दबली असेल. ती कधीच सुटली. चर तीन फुटांवर आहेत, तिथं काही पोचलेलं नाही. ट्रकचं काम नाही हे."

धाकटीला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तिची नजर शेडकडे गेली.

मग त्याने सिमेंटच्या पेटीचं झाकण काढलं. तिला तो वाटणीची पेटी म्हणायचा, कारण ती चार चरांना पाणी वाटून देते. "वाटणी नीट नसली की एकाच्या डोक्यावर सगळं येतं," तो म्हणाला आणि स्वतःच हसला. लांब वायरच्या टोकाला बसवलेला कॅमेरा त्याने पहिल्या पाइपात सरकवला. हातातल्या छोट्या पडद्यावर पाइपाचा गोल बोगदा दिसायला लागला, मग भोकांची रांग, आणि मग भोकं दिसेनाशी झाली. सगळीकडून राखाडी काहीतरी वाढलं होतं. त्याने कॅमेरा काढला, एक आकडा आत घातला आणि मुठीएवढा गोळा ओढून बाहेर आणला.

त्याच्या आधी तिने ओळखलं. ओल्या कापसासारखा गोळा, त्यावर काळा बुळबुळीत थर, आणि त्या राखाडीत गुंतलेले निळे धागे. जिमच्या टॉवेलांना निळी किनार होती.

"किती लोकांचे कपडे धुता हो तुम्ही?" पंपवाला गरजला.

तिने झटकन पुढच्या घराकडे बघितलं. स्वयंपाकघराची खिडकी बंद होती. दोरीवर कुणी नव्हतं. तिने ओठांवर बोट ठेवलं. त्याने तिच्याकडे बघितलं, मग कुंपणाकडे, मग पुन्हा तिच्याकडे, आणि मान हलवली. पुढचं तो हळू बोलला, म्हणजे दुसरा माणूस ओरडून बोलतो तेवढ्या आवाजात.

त्याने सांगितलेलं असं, की टॉवेलातून सुटणारी लव टाकीत खाली बसत नाही. हलकी असते, पाण्याबरोबर पुढे जाते आणि पाइपाच्या भोकांत अडकते. नायलॉनचे तंतू कुजतही नाहीत. त्यांच्यावर शेवाळासारखा काळा चिकट थर धरतो, तो थर खडीवर पसरतो, मातीवर पसरतो, आणि मातीच्या तोंडाला जणू रबराचा कागद लागतो. वर साबणाचं पाणी एकदम एवढं, की टाकीला दम घ्यायला वेळ नाही. माती चांगली आहे, तो म्हणाला, फक्त तिला हवा मिळत नाही. तिला हवा देऊ.

"म्हणजे सुधारेल?"

"चारातले तीन सुधारतील. चौथ्याचं सांगत नाही." मग म्हणाला, "आणि हे तुमचं घरातलं तुम्ही बघा. मला विचारलं तर मी खोटं बोलत नाही. पण मला कुणी विचारत नाही, कारण ओरडावं लागतं."

तिने तो गोळा एका पिशवीत घालून शेडमधल्या फळीवर ठेवला. का ठेवला ते तिला सांगता आलं नसतं. कचऱ्यात टाकायला गेली आणि परत आली, एवढंच.

बुधवारी दुपारी टँकर रस्त्यावर उभा राहिला, लांब नळी बोळीतून आणून टाकी उपसून गेला. मग पंपवाल्याने पाइपात बारीक नळी सोडली. तिच्या तोंडातून पाणी मागच्या बाजूला इतक्या जोरात फवारत होतं की ती आपोआप पुढे सरकायची. दर खेपेला पेटीत राखाडी लगदा परत यायचा. तो बादल्यांत भरायचा. पाच बादल्या, सात, नऊ. धाकटी त्या मोजत उभी होती, मग आत जायची, काही हातात घ्यायची, ठेवून पुन्हा बाहेर यायची. सलूनवाल्याला तिने सांगितलं होतं की आठवडाभर टॉवेल पाठवू नका. मशीन बंद होती, आणि शेडमधली ती शांतता तिला बसू देत नव्हती.

गुरुवारी हवेचं काम झालं. छातीएवढी उंच, पोकळ लोखंडी सळई त्याने चराच्या कडेला ठोकत खाली घातली, कॉम्प्रेसरची नळी जोडली आणि झडप उघडली. धप्प. पायाखालची हिरवळ बोटभर वर उचलली गेली आणि खाली बसली. दोन हातांवर गवतातून चिखलाचे बुडबुडे आले. जमिनीच्या आत माती फाटली, तो म्हणाला, केसाएवढ्या शेकडो भेगा पडल्या. त्या पुन्हा मिटू नयेत म्हणून हवेबरोबरच त्याने मोहरीपेक्षा जरा मोठे पांढरे दाणे आत सोडले. ते भेगांत जाऊन अडकून बसतात. मग तीन पावलांवर पुन्हा सळई, पुन्हा धप्प. अशा चाळीस जागा. प्रत्येक धक्क्याला धाकटीच्या घरातल्या कपाटात कप किणकिणायचे. एका धक्क्याला थोरली आपल्या मागच्या दारात आली, हाताने उन्हाची तिरीप अडवून बघत राहिली आणि काही न विचारता आत गेली.

शेवटी टाकीत एक छोटा हवेचा पंप बसला. त्याने पाण्यात हवा जाईल, हवेवर जगणारे जंतू वाढतील आणि उरलेला काळा थर खाऊन टाकतील, असं पंपवाल्याने सांगितलं. धाकटीने मान डोलावली. शनिवारला एक दिवस होता. ती मनात सासूबाईंच्या खाटेची जागा ठरवत होती.

"आता दहा दिवस एक थेंब सोडायचा नाही," तो म्हणाला.

तिला वाटलं तो दोन म्हणाला. तिने ओरडून विचारलं. त्याने दोन्ही हातांची बोटं पसरून दाखवली.

संध्याकाळी नवरा आला तेव्हा तिने हेच सांगितलं: दहा दिवस. संडास नाही, अंघोळ नाही, भांडी नाहीत. तो खुर्चीवर बसला, बूट काढायचे तसेच राहिले. मग म्हणाला की आईला त्याच्या एका मित्राच्या रिकाम्या खोलीत ठेवू. ती खोली दुसऱ्या मजल्यावर होती हे धाकटीने सांगितलं. मग म्हणाला, हॉस्पिटलवाल्यांना विनंती करू. तिने सांगितलं की केली, तिथे खाट रिकामी हवी आहे. पुढच्या घराचं नाव दोघांनीही घेतलं नाही.

"त्याच्या दारात मी जाणार नाही," तो शेवटी म्हणाला. "चार दिवस ट्रक लावला आणि दोन वर्षं आम्ही भोगतोय."

धाकटीने तोंड उघडलं. शब्द ओठांवर आला होता. "हं," ती म्हणाली.

खोटं बोलणं वेगळं आणि गप्प बसणं वेगळं, अशी तिने दीड वर्षं स्वतःची समजूत घातली होती. त्या एका अक्षरात दोन्हींमधलं अंतर संपलं.

शुक्रवारी सकाळी नवरा कामावर गेला. धाकटी कुंपणापर्यंत गेली आणि परत आली. शेडमध्ये गेली, पिशवी उचलली, खाली ठेवली. पुन्हा कुंपणापर्यंत गेली. तिसऱ्या खेपेला पिशवी हातात होती आणि ती बोळीतून पुढे, पाच पायऱ्या चढून, थोरलीच्या दारात उभी होती.

थोरली टेबलापाशी मटार सोलत बसली होती. तिने न उठता खुर्चीकडे मान केली. धाकटीने बसल्या बसल्या सगळं एका दमात सांगितलं: चरांना दहा दिवस विश्रांती हवी आहे, आम्हाला अंघोळीला इथे यावं लागेल, आणि आईंनाही इथेच आणावं लागेल, खुर्चीत बसवून उचलून.

थोरलीने एक शेंग फोडली. "हे भाऊजी बोलले?"

"त्यांना माहीत नाही मी आलेली."

"मग आमच्या ह्यांना काय सांगू? ज्याच्या नावाने दोन वर्षं बोटं मोडलीत, त्याच्याच नळावर आता बादल्या लावायच्या आहेत म्हणून?" ती रागाने बोलली नाही. चौकशी केल्यासारखी बोलली, आणि ते जास्त लागलं.

धाकटीने पिशवी टेबलावर ठेवली आणि तिचं तोंड उघडलं. मटारांच्या टरफलांशेजारी तो राखाडी गोळा, आता वाळून कडक झालेला.

"आळ खोटा आहे, ताई. ट्रकने काही झालं नाही. हे पाइपातून निघालं. माझ्या मशीनची लव आहे."

थोरलीने गोळ्याकडे बघितलं आणि मग धाकटीच्या मागे. आतल्या दारात थोरले दीर उभे होते. अर्धी दाढी झालेली, अर्ध्या गालावर फेस, हातात वस्तरा.

"पुन्हा सांग," ते म्हणाले.

तिने पुन्हा सांगितलं. माती भुसभुशीत निघाली तेही सांगितलं.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

इथे ती परवापासून म्हणू शकली असती, आणि ते खोटं ठरलं नसतं. "पक्कं परवापासून," ती म्हणाली. "शंका दीड वर्षापासून."

दिरांच्या गालावरचा फेस वाळून तडकायला लागला. आता ते ओरडतील, हाकलतील, ट्रकच्या किल्ल्या आपटतील, असं काय काय धाकटीच्या डोळ्यांपुढून गेलं. दीर पुढे आले, खुर्ची ओढून बसले आणि वस्तरा टेबलावर ठेवला.

"मी खोदाईचं मशीन का येऊ दिलं नाही, माहीत आहे?"

"आळ घेतला म्हणून."

"ते बोलायला होतं." त्यांनी बोटाने तो गोळा जरासा ढकलला. "मला वाटत होतं माझ्यामुळेच झालंय. ट्रक काढला तेव्हा चाकं घोट्याइतकी रुतली होती, मी बघितलं होतं. खणलं असतं तर खालची माती दगडासारखी निघाली असती, आणि सगळ्यांसमोर निघाली असती. मग मी कुठे तोंड लपवणार होतो? म्हणून म्हटलं खणायचंच नाही."

थोरलीच्या हातातली शेंग तशीच राहिली. "आणि हे मला सांगितलं नाहीत."

"तुला काय सांगणार? तू म्हणाली असतीस, जा आणि कबूल करून ये."

"म्हणालेच असते."

"मग," ते म्हणाले.

धाकटीला हसू येतंय की रडू, ते तिलाच कळेना. तिने नाक ओढलं. त्याबरोबर दीर एकदम उठले, आणि आता त्यांच्या आवाजात राग होता, उशिरा आलेला आणि म्हणून जास्त. दीड वर्ष, ते म्हणाले. दीड वर्ष मी मागच्या खिडकीचा पडदा उघडला नाही, ते गवत दिसू नये म्हणून. भाऊ समोरून आला की मी रस्ता ओलांडायचो, तो समजायचा ताठा आहे. तुझ्या एका वाक्याचं काम होतं. धाकटी मान खाली घालून ऐकत राहिली. प्रत्येक शब्द खरा होता. ते वस्तरा उचलून आत गेले आणि दार लावून घेतलं.

जावा दोघी समोरासमोर बसून राहिल्या. थोरलीने उरलेले मटार तिच्याकडे सरकवले. धाकटी सोलायला लागली. काहीतरी करायला मिळालं म्हणून तिची बोटं भराभर चालली.

आतून आवाज आला, "आईला उद्या किती वाजता सोडतायत?"

संध्याकाळी नवऱ्याला सांगणं त्याहून अवघड गेलं. त्याने मध्ये एकदाही तोडलं नाही. तिचं झाल्यावर म्हणाला, "आधी त्यांना सांगितलंस. मला नाही."

"तुम्हाला आधी सांगितलं असतं, तर त्यांना सांगू दिलं असतंत?"

बाहेर जाऊन तो हिरवळीवर उभा राहिला, सळईने पडलेल्या भोकांच्या रांगांमध्ये. आत येऊन पंपवाला मातीबद्दल नक्की काय म्हणाला ते विचारलं. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. जेवताना पुन्हा. तीनदा तिने तेच सांगितलं, चर तीन फुटांवर, वर वीतभर. जेवणात मीठ कमी होतं. त्याने मागितलं नाही, स्वतः उठून घेतलं. चिडला असता तर तिला बरं वाटलं असतं. दोन वर्षं ज्या गोष्टीवर बोट ठेवून तो उभा होता, ती गोष्टच नव्हती, आणि आता ते बोट कुठे ठेवावं हे त्याला उमजत नव्हतं. बायकोकडे वळवावं तर टॉवेलांचं काम घेताना त्यानेच ती मशीन शेडमध्ये बसवली होती, पाइपही त्यानेच जोडला होता.

शनिवारी अकराला हॉस्पिटलची गाडी फाटकाशी थांबली. सासूबाई चाकाच्या खुर्चीत, मांडीवर औषधांची पिशवी, चेहरा उतरलेला पण नजर चौकस. पाच पायऱ्यांशी खुर्ची आली आणि थांबली. ड्रायव्हर म्हणाला की उचलायचं काम त्याचं नाही. मोठा मुलगा एका बाजूला येऊन उभा राहिला. धाकटा फाटकातच होता. धाकटीने त्याच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर तो आला नसता. सासूबाईंनी मान वळवली आणि म्हणाल्या, "मी इथेच राहू का मग? छत्री आणून द्या."

तो आला. दोघांनी वाकून खुर्ची धरली. पहिल्या पायरीवर खुर्ची एकीकडे कलली.

"तुझी बाजू वर घे," मोठा म्हणाला.

"घेतो. तू घाई करू नकोस."

दोन वर्षांनंतर ते एकमेकांशी पहिल्यांदा बोलले ते एवढं. वर पोचेपर्यंत आणखी चार-पाच वाक्यं झाली, सगळी खुर्चीबद्दलची.

पुढचे दहा दिवस काही गोडीगुलाबीत गेले असं नाही. चौघांत एक बाथरूम आणि शिवाय आजारी माणूस. थोरलीला सकाळी सातला गरम पाणी लागायचं, धाकट्याला साडेपाचला. टॉवेल कुणी ओला टाकला यावरून दोनदा तोंडं वाकडी झाली. थोरले दीर धाकटीशी कामापुरतंच बोलत होते, तेही तिच्या डोक्यावरून भिंतीकडे बघत. ती सारखी काहीतरी पुसत, उचलत, विचारत राहायची. शेवटी सासूबाई म्हणाल्या, अगं बस जरा, तुझ्याकडे बघूनच माझा पाय दुखतो. थोरलीने मात्र एकदा तिला बाजूला घेऊन सांगितलं, लोकांकडे कुठेतरी पाणी मुरतंय म्हणून भांडणं होतात, आपल्याकडे मुरत नाही म्हणून झाली. स्वतःच्याच विनोदावर ती इतकी हसली की धाकटीलाही हसावं लागलं.

दिवसातून चार वेळा धाकटी मागच्या घरी जाऊन टाकीतल्या पंपाचा आवाज ऐकून यायची. बाराव्या दिवशी पंपवाला आला. कामाच्या गर्दीत त्याला दोन दिवस उशीर झाला होता, आणि त्या दोन दिवसांत तिने त्याला सहा फोन केले होते. दोघे भाऊ हिरवळीच्या दोन टोकांना उभे राहिले. पंपवाल्याने वाटणीच्या पेटीत पाण्याची नळी सोडली आणि गुडघ्यांवर बसला. पहिला चर पाणी प्यायला. दुसराही. तिसऱ्यात पाणी जरा चढलं, थांबलं आणि हळूहळू उतरलं. चौथ्यात चढलं ते तसंच राहिलं. त्याने वाट बघितली, मग चौथ्याच्या तोंडाला बूच मारलं.

"तिघांवर भागेल," तो म्हणाला. "पण सांभाळून."

सांभाळून म्हणजे काय ते त्याने ओरडून सांगितलं, आणि आता पुढच्या घराची खिडकी उघडी असूनही धाकटीने त्याला गप्प केलं नाही. वॉशिंग मशीनचं पाणी या टाकीत नको. बाजूला खडीचा वेगळा छोटा खड्डा, त्याआधी लव अडवणारी जाळी, आणि ती जाळी रोज साफ. दिवसाला दोनच घाणे. जिमचं काम तिने त्याच दिवशी सोडलं. सलूनचं ठेवलं.

पंपवाला नळ्या गुंडाळत असताना थोरले दीर कुंपणाशी आले. भावाकडे न बघता म्हणाले, "तो खड्डा घ्यायला मशीन लागत असेल तर आणा. माझ्या अंगणातून."

"एवढ्याशा खड्ड्याला मशीन कशाला," धाकटा म्हणाला. "कुदळीने होईल."

"नको तर नको. वाट मोकळी आहे एवढंच सांगितलं."

धाकटा थोडा वेळ पेटीच्या झाकणाशी चाळा करत राहिला. तोंडातून माफीचा शब्द काढणं त्याच्या रक्तात नव्हतं. धाकटी त्याची धडपड बघत होती आणि तिचाच जीव वरखाली होत होता. शेवटी तो म्हणाला, "ट्रक बाहेर उन्हात असतो तुझा. रंग उडालाय. आत लावत जा."

"चरांवर नको," पंपवाला पाठमोराच गरजला. हे त्याला नेमकं कसं ऐकू आलं, देव जाणे. "बाकी कुठेही लावा."

मोठा हसला नाही, पण त्याने मान हलवली आणि किल्ल्या आणायला आत गेला. धाकटी घरात आली. सासूबाईंची खाट उद्या इकडे आणायची होती, चादरी काढायच्या होत्या, पायपुसणी, औषधांचं टेबल. तिने बाथरूमचा नळ पूर्ण उघडला आणि पाणी जाळीतून खाली जाताना बघत राहिली, बराच वेळ, गरज नसताना. मग आठवलं, सांभाळून. तिने घाईघाईने नळ बंद केला आणि चादरी शोधायला गेली.